पावणेदोन तास

डब्याच्या झाकणाला एका बाजूनं पोचा आलेला... हेमलता अंगठ्यानं ते पुन्हा पुन्हा दाबत होती, आणि दिल्लीच्या द्वारकेतल्या सहाव्या मजल्यावरच्या त्या खिडकीसमोरून विमान नेहमीसारखं इतकं खालून गेलं, की ओट्यावरचे पेले थरथरले. बेसनाचे लाडू. उल्काला आवडायचे – आता आवडतात की नाही, कुणास ठाऊक. आई गेल्यापासूनच्या अकरा वर्षांत दोघी बहिणींमध्ये लग्नपत्रिका तेवढ्या आल्या-गेल्या होत्या.

आणि काल संध्याकाळी एकाएकी फोन. "ताई, सोमवारी ऑपरेशन आहे माझं. गाठ काढायचीय... येशील?"

"विमानानं जा," विश्वनाथ मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाला. "नागपूर म्हणजे साडेआठशे किलोमीटर. पावणेदोन तास! अगं, इथून फरीदाबादला जायला कधीकधी एवढे लागतात."

"अहो, पण रेल्वेनं—"

"रेल्वे कशाला? चलो, केलं बुक."

आणि आता खिडकीजवळची जागा, खाली पिवळटसर काहीतरी, नदी असेल किंवा नुसती वाळू. उल्कासमोर उभं राहिल्यावर पहिलं वाक्य काय बोलायचं ते अजून ठरत नव्हतं. रेल्वेत ठरलं असतं. मथुरेपर्यंत चिडून घ्यायचं, झाशीपर्यंत स्वतःची बाजू मांडून व्हायची, इटारसीचा चहा घेताना राग आपोआप निवायचा, आणि नागपूर येईपर्यंत माणूस कुणाच्याही दारात उभं राहण्याजोगं होऊन जायचं. इथे कॉफीचा कप रिकामा व्हायच्या आत अर्धं अंतर सरलेलं...

रनवे मोकळा नाही, पंधरा मिनिटं वर घिरट्या घालाव्या लागतील, अशी घोषणा झाली. "लो, अब ये नया नाटक!" शेजारचे गृहस्थ वैतागले. हेमलताच्या छातीतून मात्र एक सुस्कारा सुटला, सुटकेचा. आणि तो सुटल्याबरोबर ती दचकली, कारण तो तिच्या ओळखीचा होता.

त्या दिवशीही असंच झालं होतं. आई शेवटच्या घटका मोजत होती, उल्का रडून रडून सांगत होती, "लगेच नीघ." ऑफिसच्या कॉम्प्युटरवर संध्याकाळच्या विमानात चार जागा दिसत होत्या. नावसुद्धा भरलं होतं मी – आणि मग ते पान बंद केलं आणि निजामुद्दीनला जाऊन गाडीत बसले. तिकीट मिळालं नाही, असं सगळ्यांना सांगितलं. नळ्या लावलेली आई मला बघायची नव्हती. बैतूलच्या अलीकडे गाडी तासभर खोळंबली तेव्हा डब्यातली सगळी माणसं कुरकुरत होती, आणि मला... मला बरं वाटत होतं.

पोचले तेव्हा अंगण पाण्यानं धुतलेलं होतं. उल्का उंबऱ्यातच म्हणाली, "विमानात जागा होत्या, ताई. मी इथून बघितल्या होत्या." बस. त्याला उत्तर दिलं नाही. अकरा वर्षं दिलं नाही, आणि उल्काच कशी तुसडी आहे हे मात्र ज्याला त्याला सांगत राहिले.

विमान एका अंगावर कललं. सगळं नागपूर खिडकीत तिरकं उभं राहिलं, छपरं, तलाव, उन्हात चमकणारी एक गाडी. 'उल्का, मी घाबरले होते...' एवढं मनात उमटलं. पुढचं काही सुचेना. हेमलतानं पट्टा घट्ट ओढला, पुढच्या सीटची पाठ धरली. आता एक मिनिटही नको होतं तिला, उतरायचं होतं, अश्शी, आत्ताच्या आत्ता, अर्धं वाक्य घेऊन – आणि विमान आपलं सावकाश वळतच होतं.