शून्याआधीची जागा

मित्रांनो, मी एक जुना रंधा आहे. रंधा कशाशी खातात हे तुम्हांला ठाऊक नसेल, तर लाजू नका. तुम्ही ज्या बाकावर बसला आहात, त्यावरून एकदा हात फिरवा. हाताला काही बोचले नाही ना? मग माझा कोणी ना कोणी भाऊबंद तिथून गेलेला आहे. हातभर लांबीचा लाकडी ठोकळा, मधोमध तिरपी खाच, खाचेत पोलादी पाते आणि पाते हलू नये म्हणून ठोकलेली पाचर, एवढाच माझा देह. माझे पोट लाकडावरून सरकले की पाते त्याची पातळ साल काढते, आणि ती साल माझ्या पाठीवर गुंडाळी होऊन येते.

वय झाल्यामुळे माझा डोळा फार लागतो. झोपेत मी पुन्हा झाड असतो. अंगावर ऊन असते, पानांमधून वारा जातो, आणि कुठूनतरी खरर खरर आवाज येतो. मला वाटते खार असेल. जाग आली की कळते, तो माझाच आवाज होता.

मला घडवले एका म्हाताऱ्या सुताराने. त्याच्या हाताखाली अकरा वर्षांचा एक पोर होता. तिसरीतच शाळेतून उठवून घरच्यांनी त्याला तिथे आणून सोडले होते. पहिले वर्ष त्याने नुसता भुसा झाडला आणि दुसरे वर्ष पात्यांना धार लावली. तिसऱ्या वर्षी त्याने फळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत न तुटता एकच लांब साल काढली. म्हाताऱ्याने ती उजेडासमोर धरली. पलीकडची खिडकी तिच्यातून अंधुक दिसत होती. मला उचलून त्याने त्या पोराच्या हातात दिले. तोच पोर पुढे आमचा मिस्त्री झाला.

मग आम्ही दोघांनी मिळून किती लाकूड तासले, याचा हिशेब नाही. दारे झाली, खिडक्या झाल्या, पाळणे झाले. लोक तयार दाराच्या पाठीवर हात फिरवायचे आणि म्हणायचे, "आरसा आहे हो, आरसा!" मिस्त्री मान खाली घालून हसायचा, आणि मी मात्र फुगून जायचो. एक सांगतो, मिस्त्रीने मला दुसऱ्या कोणाच्या हातात कधी दिले नाही. एका नव्या कारागिराने न विचारता मला उचलले, तर मिस्त्री दोन दिवस त्याच्याशी बोलला नव्हता.

पुढे विजेवर चालणारी यंत्रे आली. माझे दहा मिनिटांचे काम ती एका घोटात उरकायची. मी पेटीच्या तळाशी गेलो. माझ्या अंगावर स्क्रूचे डबे आले, पात्यावर गंजाचे ठिपके आले. खरे सांगतो, मला फार वाईट वाटले. पण रुसायचे तरी कोणावर? मी झोपलो, आणि बरीच वर्षे झाड होऊन राहिलो.

जाग आली ती मोठ्या बाईंच्या आवाजाने. या बाई गल्लीच्या टोकाच्या सरकारी शाळेच्या मुख्याध्यापिका. त्या मिस्त्रीच्या कारखान्याच्या दारात उभ्या राहून म्हणत होत्या, "मिस्त्री, माझी मुलं नववीतून गळतात. आणि तुम्ही म्हणता, कामाला माणूस मिळत नाही. दोघांच्या घरी एकच दुखणं आहे."

"मग मी काय करू बाई?"

"आठवड्यातले दोन दिवस मुलं तुमच्याकडे येतील. बाकीचे दिवस शाळेत. इथे शिकतील त्याचेही गुण धरायचे, असं मी वर लिहून दिलंय. एक वर्ष करून बघा म्हणतायत. वर्ष संपताना पाहायला येणार आहेत. आवडलं तर विषय कायमचा, नाहीतर बंद."

मिस्त्रीने कानावरची पेन्सिल काढली, पुन्हा कानावर ठेवली आणि म्हणाला, "मला शिकवता येत नाही. मला फक्त काम येतं."

"तेच शिकवा," मोठ्या बाई म्हणाल्या आणि गेल्याही. त्या दिवशी मिस्त्रीने मला बाहेर काढले. पात्याचा गंज उतरवला, अंगाला तेल चोळले. मुलांसाठी शाळेने नवे रंधे आणले होते. पण धार कशी असते हे दाखवायला मी हवा होतो.

नऊ मुले आली. त्यांत एक मुलगी होती. प्रश्न विचारून विचारून तिने मिस्त्रीचा जीव नकोसा केला, म्हणून त्याने तिचे नाव ठेवले शंकासूर. लाकूड उलट्या बाजूने का तासायचे नाही? सांधे चिकटवायचा सरस लावल्यावर किती वेळ थांबायचे, आणि तेवढाच का? मिस्त्री कपाळाला हात लावायचा. पण ती नाही आली, की त्याचे दाराकडे लक्ष असायचे, हे मी पाहिले आहे.

तिची आई लाँड्रीत इस्त्री करायची. एके दिवशी ती कामावरून परस्पर कारखान्यात आली. बोटांवर चटक्यांचे जुने डाग होते. ती मिस्त्रीला म्हणाली, "दादा, आडपडदा न ठेवता सांगा. या शिकण्याचा कागद मिळणार का? मिळणार असेल तर मी अजून दोन वर्षं कशीही काढीन. नसेल तर सुट्टीनंतर ही माझ्याबरोबर लाँड्रीत येईल. तिथे एक जागा रिकामी होतेय."

"विषय पक्का झाला, तर कागद मिळेल," मिस्त्री म्हणाला.

"आणि नाही झाला तर?"

मिस्त्री काटकोन तपासायचा गुण्या पुसत राहिला. शंकासूर कोपऱ्यात भुसा झाडत होती. एरवी प्रश्नांची सरबत्ती करणारी ती पोरगी झाडलेलीच जागा पुन्हा झाडू लागली.

वर्षाखेरीस दाखवायला म्हणून बालवर्गासाठी दहा बुटकी स्टुले करायचे ठरले. दहा स्टुलांचे चाळीस पाय, प्रत्येक पाय अठ्ठावीस सेंटिमीटर. वीस पायांवर खुणा शंकासूरने करायच्या, वीसांवर मिस्त्रीने. मिस्त्रीने मोठ्या विश्वासाने आपली पोलादी पट्टी तिच्या हाती दिली. तिने ती उलटसुलट करून पाहिली.

"काका, हिचं शून्य अगदी टोकालाच कसं? माझ्या पट्टीला शून्याच्या आधी थोडी जागा असते."

"कामाच्या वस्तूला रिकामी जागा परवडत नाही, शंकासूर. लाकडाच्या टोकाला पट्टीचं टोक लाव आणि खूण कर."

तिने तसे केले. मिस्त्रीला आता पट्टी हवी होती. तिच्या कंपासपेटीतली प्लास्टिकची पट्टी बाकावर पडली होती, तीच त्याने घेतली. आणि मित्रांनो, चाळीस वर्षांच्या सवयीने त्याने लाकडाच्या टोकाला पट्टीचे टोक लावले. शून्य नव्हे, टोक! मी त्याच बाकावर, त्याच्या कोपराशी होतो. एका पायावर खूण झाली, दुसऱ्यावर झाली, विसाव्यावर झाली. प्रत्येक पाय अर्धा सेंटिमीटर लांब. मी आतल्या आत ओरडत होतो. पण रंध्याचे ओरडणे कोण ऐकतो?

तरीही चूक सापडली असती. जोडण्याआधी सगळे पाय शेजारी शेजारी उभे करून बघायचे, ही मिस्त्रीची जुनी शिस्त. पण त्याच वेळी शाळेचा शिपाई धावत आला. काम पाहायला परवा येणाऱ्या शिक्षणखात्याच्या मॅडम आजच दुपारी येत होत्या. मग एकच धांदल उडाली. कोणी सरस लावतोय, कोणी ठोकतोय, हाताला येईल तो पाय कुठल्याही स्टुलाला बसतोय. दुपारी दहा स्टुले रांगेत उभी राहिली. खिडकीतून ऊन तिरपे येत होते, त्यात भुशाचे कण तरंगत होते. सगळे इतके छान दिसत होते की क्षणभर मलाही वाटले, ती पट्टी मी स्वप्नातच पाहिली असावी.

मॅडम आल्या. बरोबर मोठ्या बाई होत्या. निकाल स्वतःच्या कानांनी ऐकायला शंकासूरची आईही आली होती, काखेत धुतलेल्या कपड्यांचे गाठोडे घेऊन. मॅडम मोठ्या हौसेने त्या बुटक्या स्टुलावर बसल्या, आणि स्टूल टक्‌ करून एका बाजूला कलले. त्या सावरल्या. पुन्हा टक्‌. त्यांनी दुसरे पाहिले, तेही डुलले. मागे एक मुलगा फिसकन हसला.

मिस्त्रीचा चेहरा तापलेल्या पात्यासारखा झाला. "माप कोणी घेतलं होतं?"

"तुम्ही आणि मी," शंकासूर म्हणाली.

"मग चूक कोणाची, हे सांगायला ज्योतिषी नको."

आईने गाठोडे या काखेतून त्या काखेत घेतले. "चल बाई घरी," ती हळूच म्हणाली. "बघितलं ना आपण."

पण शंकासूर हलली नाही. तिने स्टूल बाकावर उलटे ठेवले आणि पोलादी पट्टीने एकेक पाय मोजला. अठ्ठावीस. अठ्ठावीस. अठ्ठावीस. साडेअठ्ठावीस. तिची नजर मिस्त्रीच्या खिशाकडे गेली. तिची प्लास्टिकची पट्टी तिथून डोकावत होती. तिने ती हलकेच काढून घेतली आणि दोन्ही पट्ट्या बाकावर, माझ्या अगदी समोर, शेजारी शेजारी टोके जुळवून ठेवल्या. "काका, जरा बघता?" ती इतक्या हळू म्हणाली की फक्त त्याने आणि मी ऐकले.

मिस्त्रीने पाहिले. पोलादी पट्टीचे शून्य टोकाला होते, प्लास्टिकच्या पट्टीचे थोडे आत.

मग ती पोर वळली आणि मॅडमना म्हणाली, "काही पाय अर्धा सेंटिमीटर जास्त आहेत. जास्त आहे ते काढता येतं. मी नीट करते." कोणाचे पाय, ते ती बोलली नाही.

मित्रांनो, माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात लांब क्षण. मिस्त्री गप्प राहिला असता तर कोणाला काही कळले नसते. त्याचे नाव राहिले असते आणि पोरगी लाँड्रीत गेली असती. मला त्याची भीती वाटली, हे कबूल करतो. ज्याच्या हातात आयुष्य काढले, त्याच्याबद्दल असे वाटणे बरे नव्हे, पण वाटले.

"मॅडम," मिस्त्री म्हणाला. "जास्त लांबीचे पाय माझे आहेत. हिचं माप बरोबर आहे. मी तिसरीतून उठलो, कंपासपेटी माझ्या वाट्याला आलीच नाही. हिच्या पट्टीला शून्याआधी जागा असते, हे हिने मला तोंडावर सांगितलं होतं. मी ऐकलं, पण शिकलो नाही."

मिस्त्रीने बारीक दातांच्या करवतीने त्या पायाचा जास्तीचा भाग कापला, केसभर राखून. मग त्याने मला उचलले. मला वाटले, उरलेले काम तो स्वतः करणार. पण त्याने मला शंकासूरच्या हातात दिले. ती दचकली. चाळीस वर्षांत मिस्त्रीने पहिल्यांदाच मला आपणहून परक्या हातात दिले होते. खरे सांगू? तो हात परका वाटला नाही.

तिने पायाच्या टोकावर मला एका कडेकडून मध्यापर्यंत चालवले. मग दुसऱ्या कडेकडून मध्यापर्यंत.

"सरळ एका दिशेने का नाही?" मॅडमनी विचारले.

"सरळ गेलं की पलीकडचा कोपरा उडतो. तिथे लाकडाला पाठीमागून आधार नसतो ना."

स्टूल खाली ठेवले. मॅडम बसल्या. टक्‌ झाले नाही. त्यांनी वही उघडली आणि म्हणाल्या, "विषय पक्का, असं मी लिहून देते. पण एक अट आहे. गणिताच्या बाईंनी आठवड्यातून एक तास इथे घ्यायचा. आणि मिस्त्री, त्या तासाला तुम्हीही बसायचं."

"मुलांमध्ये?" मिस्त्रीने विचारले.

"स्टुलं भरपूर आहेत," मॅडम म्हणाल्या.

शंकासूरच्या आईने गाठोडे खाली ठेवले. लेकीकडे न बघताच ती म्हणाली, "लाँड्रीतलं माझं इस्त्रीचं टेबल कधीपासून डुलतंय. सुट्टीत येऊन तेवढं बघून दे." मग तिने पदर डोळ्यांना लावला. शंकासूर मला छातीशी धरून उभी होती, म्हणून तिचे काळीज किती धडधडत होते ते मला कळले.

या गोष्टीला आता बरीच वर्षे झाली. दरवर्षी नवी मुले येतात. पहिल्या दिवशी मिस्त्री लाकडाला हात लावू देत नाही. आधी तो पेटीतून ती प्लास्टिकची पट्टी काढतो, पोलादी पट्टीशेजारी ठेवतो आणि म्हणतो, "ही माझी चूक. हिच्यापासून सुरुवात करू." मग तो बाजूला होतो आणि पुढचे शंकासूर शिकवते. ती आता त्याच कारखान्यात कामाला आहे. तिचे कागद भिंतीवर आहेत आणि मी तिच्या पेटीत, सगळ्यांत वरच्या कप्प्यात आहे.

मित्रांनो, माझे मागणे थोडेच आहे. माझ्यासारखा कोणी तुमच्या घरात पडून असेल, तर त्याचे पाते पुसा, दोन थेंब तेल सोडा. तुमच्या हातात वही असेल, तर एकदा अवजारही धरून बघा. अवजार असेल, तर वही टाकू नका. आणि शिकणारा असो की शिकवणारा, त्याला चुकायला थोडी जागा ठेवा. फार नको. त्या साध्या पट्टीला शून्याच्या आधी असते ना, तेवढी पुरे.