परवाचं पाणी

“सवतीला भेटायचं म्हणून एवढी नटून आले. कुठंय ती?”

“अगं, समोरच. मान जरा खाली घे.”

नावाड्याची बायको मान खाली घेते. तिला सगळं नळीतून पाहिल्यासारखं दिसतं. मधला गोल तेवढा शिल्लक, कडा गेल्या. तो गोलही मिटत चाललाय. डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही.

तलाव शहराच्या पिण्याच्या पाण्याचा; ती त्यालाच सवत म्हणते. नावाडी रोज मध्यावर जाऊन तपासणीसाठी बाटल्या भरून आणतो. घरच्यांना आत मनाई. उभ्या नोकरीत त्याने साहेबांकडे एकच गोष्ट मागितली : ही सकाळ.

मध्यावर तो वल्ही आत ओढून घेतो.

ती बघते. पाणी.

मान वळवते. पाणी.

आणखी वळवते.

“अहो, अजून आहे?”

“आहे.”

“इथंही?”

“तिथंही.”

डोंगर लागतो. त्याच्या पायथ्याशी पुन्हा पाणी. ती बसल्या जागी गोल फिरते, नाव डुलते, आणि फिरून पहिल्या जागी आल्यावर तिला वाटतं, हे आणखी नवीनच.

“संपतच नाही हो.” आवाज निजलेल्या बाळाजवळ बोलावं इतका खाली. “आणि मी जन्मभर पोरांवर ओरडले, नळ बंद करा, नळ बंद करा!”

“बरोबरच ओरडलीस.”

तिचा हात नावेच्या काठावरून खाली जातो.

“नको.”

“एक बोट फक्त.”

“लोक पितात गं.”

“तुम्ही कधीच नाही बुडवलात हात? इतक्या वर्षांत?”

“नाही.”

“धन्य आहे तुमची!”

पण हात ती मागे घेते. मांडीवर ठेवते. तो कोरडा हात त्याला बघवत नाही.

“हे पाणी परवा घरी येतं,” तो म्हणतो. “तेव्हा लाव हात.”

*

दोघांची परतीची बस घाट उतरते. खाली, डोंगराच्या पोटात, पाणीही निघालंय. बोगद्यातून, मिट्ट काळोखात, काही न दिसता, बरोबर घराकडे.

*

परवा.

स्वयंपाकघर. ती नळ सोडते, खाली हात धरते. डोळे मिटते. मग मान वळवते. हळूहळू. आणखी थोडी.

पाणी वाहून जातंय. सवयीने तो नळाकडे हात नेतो. थांबतो.

“अजून आहे?” तो विचारतो.

“आहे.”