पिंपळगावातला बर्फाचा घाट

बर्फात पिकअप चालवता येते की नाही, हे बघायला कॅनडाहून परीक्षक येणार असं कळल्यावर योगेश सरांनी पहिला फोन फेटे बांधणाऱ्याला केला. बर्फाचं नंतर बघू, असं त्यांचं धोरण होतं. पाहुण्याच्या डोक्यावर एकदा फेटा बसला की त्या डोक्यातून फार अवघड प्रश्न निघत नाहीत, हा त्यांचा अनुभव.

योगेश सर म्हणजे इंदिरानगरच्या 'हिमशिखर ओव्हरसीज'चे संचालक. त्याच गाळ्यात आधी त्यांचा संगणकाचा क्लास होता, नंतर अबॅकसचा, आणि मधल्या पडत्या काळात शोभेच्या माशांचं दुकान. आता ते लोकांना परदेशी नोकऱ्या मिळवून देत. कॅनडातल्या गव्हाच्या मुलखात शेतकऱ्यांची एक सहकारी संस्था होती. तिला शेतोशेत फिरून धान्याचे नमुने गोळा करणारं माणूस हवं होतं. शेती कळणारं, आणि निम्मं वर्ष बर्फातून पिकअप हाकणारं. जागा एकच.

उमेदवार तीन निघाले. हरसूलचा केरू, ज्याची उमर भाताच्या आवणीत आणि घाटाच्या वळणात गेली होती. पिंपळगावचा दत्तू, जो द्राक्षं घेऊन मुंबईला निघाला की त्याचा फोन लागेपर्यंत तो पोचलेला असे. आणि इंदिरानगरची तेजल. संस्थेनं पत्रात 'महिलांनाही संधी द्यावी' असं लिहिलं होतं, म्हणून तिचं नाव घेतलं होतं. योगेश सर शब्दाला जागणारे. संधी द्या म्हटलंय, तर संधी द्यायची. नोकरी द्या असं कुठं लिहिलं होतं?

तेजलला मात्र नोकरीच हवी होती. कृषी पदवी घेतल्यापासून तिनं बियाण्यांच्या, खतांच्या, औषधांच्या कंपन्यांकडे अर्ज केले होते, आणि सगळीकडे एकच प्रेमळ उत्तर मिळालं होतं: "मॅडम, फिरतीचं काम आहे हो. तुम्हाला ऑफिसात बसवू." मग ती ऑफिसात बसून, कधी न पाहिलेल्या शेतातल्या करपा रोगावर फोनवरून सल्ले देई, आणि कंटाळून सोडून देई. ही संधीही गेली तर पुन्हा हेडफोन लावून बसणं आलं. अधल्यामधल्या काळात ती आई लताबाईंचा धंदा सांभाळायची. घरामागे पाण्याचा प्लांट, दारात पिकअप, आणि रोज सकाळी क्लासेस, दवाखाने, मंगल कार्यालयांना थंड पाण्याचे जार. गाडी शिकवताना लताबाईंनी मागं बिनझाकणाचे भरलेले जार ठेवले होते.

"जेवढं पाणी सांडेल तेवढं तू पुसायचं," एवढाच त्यांचा अभ्यासक्रम होता.

आता प्रश्न बर्फाचा. पिंपळगाव बसवंतला कांद्याची एक जुनी शेड रिकामी पडली होती, आणि तिच्या दारापर्यंत काँक्रीटचा चांगला लांबरुंद चढ होता. जानेवारीचे दिवस, थंडीची लाट. पहाटे पहाटे बर्फाच्या कारखान्यातून लाद्या आल्या. त्या फोडून चुरा चढावर पसरला, कॉलेजच्या मैदानावरून आणलेला क्रिकेटच्या खेळपट्टीचा रोलर त्यावरून फिरवला आणि वर पाणी शिंपडलं. पिंपळगावात बर्फाचा घाट तयार झाला. बाजारात निघालेले लोक थांबून मोबाइलवर त्याचे फोटो काढू लागले.

इथपर्यंत सगळं बरोबर होतं. पण कडेनं बर्फ पाझरू लागला, आणि योगेश सरांना बालपण आठवलं. लहानपणी गच्चीवर आइस्क्रीमच्या लाकडी पॉटचा दांडा फिरवलेला प्रत्येक मराठी माणूस स्वतःला बर्फातला जाणकार समजतो. बर्फ टिकवायचा तर खडेमीठ! त्यांनी मिठाची पोती मागवली आणि पेरणी करावी तसं मूठमूठ मीठ स्वतःच्या हातानं चढभर फेकलं.

परीक्षक आले. म्हणजे आल्या. साठीच्या आसपासच्या ऑल्सन बाई. सगळं पिंपळगाव कानटोप्या आणि मफलरी गुंडाळून कुडकुडत असताना त्या अर्ध्या बाह्यांच्या सदऱ्यात गाडीतून उतरल्या आणि "छान उबदार आहे" म्हणाल्या. फेटेवाला क्षणभर घुटमळला, पण बांधायला आलो आहोत तर बांधू, म्हणून त्यानं बांधला. फेट्यासकट बाई चढाकडे गेल्या, वाकल्या, बर्फाचा खडा उचलून त्यांनी जिभेला लावला.

"मीठ?"

"येस मॅडम," योगेश सर फुलून म्हणाले. "बर्फ टिकावा म्हणून."

ऑल्सन बाई खडा परत जागेवर ठेवून उभ्या राहिल्या. मग शांतपणे म्हणाल्या, "आमच्याकडे रस्त्यावरचा बर्फ जावा म्हणून मीठ टाकतात."

सगळ्यांनी चढाकडे बघितलं. घाटाला ठिकठिकाणी भोकं पडली होती. कुठं उघडं ओलं काँक्रीट, कुठं काचेसारखा बर्फ, कुठं नुसता गिळगिळीत लगदा. योगेश सरांच्या चेहऱ्यावर ते जुनं माशांचं दुकान दिसू लागलं.

बाई मात्र चढ पायी चढून गेल्या, पायी उतरल्या, आणि हसल्या. "असा रस्ता मला घरी मुद्दाम करायला सांगितला तरी जमणार नाही. हिवाळा संपता संपता आमच्याकडे हेच होतं. एक चाक धरतं, दुसरं सोडतं. जुनीजाणती माणसंसुद्धा खड्ड्यात जातात. चला, सुरू करा."

योगेश सरांनी ताबडतोब सगळ्यांना सांगितलं की हे त्यांनी मुद्दाम केलं होतं.

परीक्षा साधी होती. चढायचं, मधे थांबायचं, पुन्हा निघायचं, वर जाऊन वळायचं आणि खाली येऊन चुन्याच्या रेघेच्या आत थांबायचं. गाडी प्रत्येकानं आपल्या मनासारखी तयार करून घ्यावी. पिकअप एका व्यापाऱ्याकडून मागून आणलेली, मागं कांद्याच्या गोण्या तशाच भरलेल्या.

केरू पुढे झाला. "आधी गोण्या उतरवा सगळ्या. गाडी हलकी पायजे."

सगळ्यांनी माना डोलावल्या. आपल्या भागात पावसाळ्यात काळ्या मातीत गाडी रुतली की माणूस पहिल्यांदा माल उतरवतो, मग चपला उतरवतो, आणि मग देवाला हाक मारतो. गोण्या खाली आल्या. केरूनं दात आवळून ॲक्सिलेटर दाबला. मागची चाकं जागेवर गरगरली, मिठाचा लगदा मागच्या मंडळींच्या तोंडावर उडाला, आणि गाडी थोडी चढून आडवी होत, अगदी सावकाश, खाली आली.

"गाडी ऐकत नाय," केरू उतरून म्हणाला. "घाटात मी बैलगाडीच्या वाटंनं ट्रक काढलेत, पन ही लय वंगाळ वाट हाय."

"काका, तुम्ही भिऊन चालवता," दत्तू म्हणाला. "जोर लागतो जोर."

दत्तूनं दुरून धाव घेतली आणि खरोखरच वर गेला. मधे थांबायचं होतं ते थांबला नाही. थांबलो असतो तर गेलो नसतो, असं त्यानं नंतर सांगितलं. उतरताना निम्म्यावर त्यानं करकचून ब्रेक मारला. चाकं थांबली, गाडी थांबली नाही. तिनं डौलदार गिरकी घेतली आणि दत्तू चुन्याची रेघ ओलांडून पाठमोरा खाली आला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यानं खिडकीतून हात हलवला, मग टाळ्या कसल्या ते त्याच्या लक्षात आलं.

"आता मॅडमची एक फेरी घेऊ, म्हणजे झालं," योगेश सर घड्याळ बघत म्हणाले.

तेजल गाडीत बसली नाही. दोन्ही फेऱ्यांत ती चढाच्या कडेकडेनं चालत भोकं बघत होती. आता ती गोण्यांपाशी गेली. "या परत चढवा."

"अगं, गाडी रिकामी चढेना, आणि तू भरून नेतेस?" योगेश सर म्हणाले.

"सर, आमची गाडी सकाळी भरलेली असते तेव्हा गुमान चालते. दुपारी रिकामी झाली की मागून नाचते. चिखलात गाडी रुतते, म्हणून माल उतरवायचा. इथं रुततेय कुठं? इथं घसरतेय. मागच्या चाकांवर वजन हवं."

"तिला म्हणावं वजन वाढलं की गाडी खाली ओढली जाती," केरू कुणाकडेच न बघता म्हणाला.

"केरूकाका, एक गोणी धरता का? दत्तूभाऊ, तुम्ही पण. अगदी मागं नको, चाकांच्या वर रचा."

ऑल्सन बाईंनी फेटा काढून बगलेत धरला. लेकीबरोबर आलेल्या लताबाई चढाच्या कडेला दगडावर बसल्या होत्या. त्या उठल्या.

तेजलनं दुसरा गिअर टाकला आणि क्लच इतका हळू सोडला, की गाडी हलली हे लोकांना चाकांकडे बघितल्यावर कळलं. ॲक्सिलेटरला तिचा पाय नुसता टेकला होता. ती सरळ चढत नव्हती. एका भोकाकडून दुसऱ्या भोकाकडे, जिथं काँक्रीट उघडं होतं तिथं मागचं चाक येईल असं बघत, वळणावळणानं चढत होती. मधे थांबायची जागा आली. तिनं आणखी जरा पुढं घेऊन उघड्या काँक्रीटवर गाडी थांबवली.

"घसरते बघ आता," दत्तू कुजबुजला.

"तुझी घसरली होती. तिची उभीये," लताबाई म्हणाल्या.

गाडी पुन्हा निघाली. एकदा चाक फिरलं तशी तिनं पाय उचलला, थांबली, पुन्हा टेकवला. गाडी वर गेली, शेडच्या दारात वळली.

उतरताना तिनं पहिला गिअर टाकला आणि पाय ब्रेकपासून लांब ठेवला. इंजिन गुरगुरत गाडीला धरून होतं. निम्म्यावर डावं चाक लगद्यात आणि उजवं काचेसारख्या बर्फावर आलं, आणि गाडीचं मागचं अंग डावीकडे सुटलं. बघ्यांपैकी अर्धे "ब्रेक! ब्रेक!" म्हणून ओरडले. तेजलनं ब्रेक मारला नाही. मागचं अंग जिकडे निघालं होतं तिकडेच तिनं स्टेअरिंग वळवलं, मऊपणे, भरल्या जारांच्या गाडीत वळवतात तसं. गाडी विचारात पडल्यासारखी क्षणभर तिरकी राहिली आणि सरळ झाली. चुन्याच्या रेघेअलीकडे ती थांबली तेव्हा एक कांदासुद्धा गोणीतून बाहेर आला नव्हता.

टाळ्या पडायच्या आधी केरूचा आवाज आला. "हे नाय चालणार. तिनं वजन टाकलं. आमाला बी तसंच द्या."

योगेश सरांनी हे भाषांतर करताना बरंच मऊ केलं, पण बाईंना सूर कळला असावा. त्यांनी मान डोलावली. मिळेल.

केरू भरल्या गाडीनं सुरेख चढला. मधे थांबला, पुन्हा निघाला, वरून त्यानं खाली बघत मिशीला हात लावला. मग उतरू लागला, गाडी घसरली, आणि आयुष्यभराच्या सवयीनं त्याचा पाय ब्रेकवर पडला. रेघ मागं राहिली, योगेश सरांची प्लास्टिकची खुर्ची मागं राहिली, आणि केरू थेट स्वागताच्या फलकाखाली जाऊन थांबला. दत्तूला विचारलं. तो म्हणाला, माझी कंबर जरा दुखतेय.

ऑल्सन बाई पिकअपमध्ये तेजलशेजारी येऊन बसल्या. "पुन्हा एकदा. आता मी शेजारी आहे."

ऊन वर आलं होतं, भोकं पसरली होती, लगदा आता वाहत होता. मघाचा रस्ता उरला नव्हता. तेजलनं चढाकडे नीट बघून घेतलं आणि दुसरीच वाट धरली. ती चढली, थांबली, निघाली, वळली, उतरली. बाई समोर चाकाखालची वाट बघत होत्या. फक्त ज्या जागी मघाशी मागचं अंग सुटलं होतं तिथं त्यांनी हँडल धरलं, आणि काहीच झालं नाही म्हणून सोडलं.

खाली आल्यावर त्यांनी तेजलचा हात हातात घेतला. "ऑक्टोबरात ये. बर्फ पडायच्या आधी. रस्ते कुठं आहेत ते आधी बघून ठेवावं लागतं, नंतर ते दिसत नाहीत."

"म्हणजे... मी?"

"मी बर्फातून गाडी नेणारं माणूस शोधत होते, खड्ड्यातून ओढून काढावं लागणारं नाही."

योगेश सरांनी दोनदा विचारून खात्री केली. मग ते जमलेल्या लोकांकडे वळून म्हणाले की, या मुलीबद्दल त्यांना पहिल्यापासून खात्री होती. ते हे इतक्या मनापासून म्हणाले, की त्यांना स्वतःलाही ते पटलं.

लताबाई आल्या. त्यांनी लेकीचा चेहरा दोन्ही हातांनी धरला, मग ऑल्सन बाईंकडे बघून म्हणाल्या, "विचार गं त्यांना, तिकडं आंघोळीला गरम पाणी मिळतं का."

"मिळतं म्हणतायत, आई."

"आणि फिरतीचंच काम ना? का नेऊन खुर्चीत बसवतील?"

तेजलनं विचारलं. बाई मोठ्यांदा हसल्या. "सांग त्यांना, गाडीतून उतरायला वेळ मिळाला तर नशीब."

"मग जा," लताबाई म्हणाल्या.

केरू गोणीवर हात ठेवून उभा होता. "पोरी," तो म्हणाला, "ते मागचं अंग सुटल्यावं त्याच अंगाला वळवायचं... ते मला एकदा दावशील?"

"बसा की काका. दत्तूभाऊ, तुम्ही पण या. कंबर सांभाळून."

परीक्षा संपली होती. गुण द्यायला कुणी नव्हतं. तेजल पिंपळगावातल्या त्या वितळत्या घाटावर पुन्हा चढली, शेजारी आई आणि केरूकाका दाटीवाटीनं, मागं गोण्यांवर दत्तू, आणि या खेपेला हॉर्न वाजवत. वर पोचल्यावर तिनं गाडी वळवली नाही. खाली जमलेलं सगळं पिंपळगाव मफलरी उडवत ओरडत होतं, ते बघत ती थोडा वेळ तिथंच, चढाच्या माथ्यावर, इंजिन चालू ठेवून बसून राहिली.