सूप हलू नये म्हणून

मित्रांनो, मी एक जुना फूड ट्रक आहे. हे आधीच सांगून टाकलेले बरे, कारण माझ्याकडे नुसते बघून ते कुणाला ओळखू येत नाही.

तरुणपणी मी बेकरीचे पाव पोचवायचो. मग एका वेल्डरने माझी एक बाजू कापून तिथे खिडकी केली, आत ओटा आणि शेगडी बसवली, आणि रंगाऱ्याने मला पिवळाधमक रंग दिला. मला विकत घेणारे काका तेव्हा तरणेताठे होते. काकू सुगरण. काका गाडी चालवायचे, काकू सूप करायच्या. सकाळी कचेऱ्यांच्या रस्त्यावर, दुपारी कॉलेजपाशी, संध्याकाळी पुलाजवळ, असे आम्ही तिघे शहरभर उंडारायचो. काकू पुढच्या सीटवर बसून रस्त्यावरच्या पाट्या मोठ्याने वाचायच्या. रस्ता चुकला की काका चिडायचे. काकू मात्र म्हणायच्या, "बरं झालं चुकला ते. हा भाग बघायचा राहिलाच होता." ते माझे सुखाचे दिवस होते.

पुढे शहराच्या मधोमध एका मैदानावर फूड ट्रकना उभे राहायला जागा मिळाली. आमच्या शेजारी ऑम्लेटवाला आला, पलीकडे आईस्क्रीमवाली आली. बघता बघता मैदानाचे नाव झाले आणि परगावचे प्रवासी मुद्दाम चव घ्यायला येऊ लागले. गिऱ्हाईक आपल्या पायांनी येते आहे म्हटल्यावर काकांनी मला हलवणे बंद केले. तिथेच माझे ग्रह फिरले.

माझ्यावर कुणी अन्याय केला असे मी म्हणणार नाही. जे झाले ते मायेपोटी झाले. गिऱ्हाईक खिडकीच्या फळीवर कोपर टेकून उभे राहिले की मी जरासा डुलायचो. आत काकू भाज्या चिरू लागल्या की पुन्हा डुलायचो, आणि पातेल्यातले सूप हिंदकळायचे. एकदा ते काकूंच्या हातावर सांडले आणि चांगलाच चटका बसला. काकांचा बायकोवर भारी जीव. त्यांनी माझ्या चाकांना विटा लावल्या. तरी मी थोडा हलायचोच, कारण हलणे हा माझा स्वभाव. मग त्यांनी विटांवर सिमेंट ओतले.

"आता बघ, थेंबसुद्धा सांडणार नाही," काका म्हणाले. काकू हसल्या. खोटे कशाला बोलू, तेव्हा मलाही बरेच वाटले होते.

मग एकेक गोष्ट येत गेली. उन्हासाठी पत्रा आला आणि त्याचे खांब माझ्या टपाला वेल्ड झाले. नळ आला. खिडकीखाली फरशीचा कट्टा आला. कट्ट्याच्या टोकाला भिंत आली, आणि तिला चुना लावता लावता माझा पिवळा रंगही पांढरा झाला. ड्रायव्हरच्या सीटवर कांद्याची पोती जाऊन बसली, तीही अशा ऐटीत की जणू लायसन त्यांच्याच नावावर आहे. एकदा त्यातले एक पोते हॉर्नवर कलंडले आणि मी जोरात ओरडलो. सगळे दचकले आणि मग हसले. मी काय म्हणत होतो, ते कुणीच विचारले नाही. नंतर बॅटरीही संपली.

प्रवासी कट्ट्यावर बसून आपापल्या गावच्या गोष्टी सांगायचे. कुणाच्या शहरात समुद्र असायचा, तर कुणाच्या शहरात डोंगर चढणारी ट्राम. काकू खिडकीत हनुवटी टेकून ऐकायच्या. "आणि मग ती ट्राम जाते कुठं?" असे विचारायच्या. काकांना वाटायचे, गिऱ्हाईक धरून ठेवायची ही बायकोची युक्ती आहे. मला मात्र खरे ठाऊक होते. ट्रामची गोष्ट ऐकताना माझीही चाके सिमेंटात शिवशिवायची. आतल्या काकू आणि बाहेरचा मी, आम्ही दोघे एकाच खोड्यात अडकलो होतो.

अशी कितीतरी वर्षे गेली. मग मैदानावर इमारत उठणार असल्याचे कळले. सगळ्या गाड्यांनी महिनाअखेर जागा सोडायची होती. स्टेशनजवळ नवी जागा मिळणार होती, पण ती फक्त चालत्या गाड्यांना. स्वतःच्या चाकांवर जो येईल, तोच तिथे उभा राहील, असा नियम होता.

"आपल्याला कसली चिंता?" काका म्हणाले. "सिमेंट काय, हातोड्याचे दोन घाव घातले की मोकळं. किल्ली फिरवायची आणि निघायचं." रोज ते "उद्या बघू" म्हणायचे, आणि रोज काकू सूप ढवळायला घ्यायच्या.

त्याच दिवसांत दुसऱ्या शहरातून एक कुटुंब आले. रिटायर झालेले मास्तर, त्यांची सून आणि दोन नातवंडे. मैदानावरच्या प्रत्येक गाडीची एकच प्लेट घ्यायची, चौघांनी चार चमच्यांनी खायची, आणि मास्तरांनी गुण द्यायचे, असा त्यांचा बेत होता. ऑम्लेटवाल्याने त्यांचे नाव 'चार चमचे' ठेवले. मास्तरांनी त्याला मिठाबद्दल चार गुण कमी दिले, तेव्हापासून तो ते नाव जरा दातओठ खातच घेत असे. ते रोज येत, एकेक गाडी पालथी घालत आणि आमच्यावरून सरळ पुढे जात. काकू रोज त्यांच्यासाठी चार वाट्या पुसून ठेवायच्या आणि रोज तशाच परत कप्प्यात ठेवायच्या.

शेवटच्या दिवशी मास्तर म्हणाले, "झालं बरं का. सगळ्या गाड्या झाल्या."

काकांना राहवले नाही. "अहो मास्तर, आमची राहिली की!"

मास्तरांनी कट्टा पाहिला, भिंत पाहिली, वरचा पत्रा पाहिला. "तुमचं हॉटेल आहे हो. आमचा नियम फक्त गाड्यांचा."

"हॉटेल? अहो, ही गाडी आहे गाडी!"

"मग हिची चाकं कुठायत?" नातीने विचारले, आणि उत्तराची वाट न बघता ती सरळ जमिनीवर पालथी पडली. कट्ट्याच्या फटीतून तिने डोकावून पाहिले. "आजोबा, चाक आहे! पण ते जमिनीत पेरलंय!"

सगळे खो खो हसले. काका हसले नाहीत. त्यांनी कांद्याची पोती भराभर खाली ओढली, सीटवर बसले आणि किल्ली फिरवली. मी काहीच बोललो नाही. बोलायला माझ्यापाशी काही उरलेच नव्हते. मग ते हातोडा घेऊन चाकापाशी बसले. सिमेंट फुटले, पण त्याबरोबर गंजलेली रिमही तुकड्यांनी हातात आली. टायर तर बोट लावले की भुगा होत होता. मित्रांनो, मी जीव एकवटून प्रयत्न केला. मला खरोखर जायचे होते. पण माझ्यात चाके म्हणावीत असे काही राहिलेच नव्हते.

तेवढ्यात काकू चार वाट्या घेऊन बाहेर आल्या. "हॉटेल म्हणा नाहीतर गाडी म्हणा, सूप गार होतंय."

चौघांनी सूप घेतले. "गुण किती?" नातीने हळूच विचारले. मास्तर म्हणाले, "पैकीच्या पैकी."

काकांच्या केसांवर सिमेंटची धूळ होती. "ह्या सुपासाठीच केलं हो मी सगळं," ते म्हणाले. "ते सांडू नये म्हणून."

"सांडलं असतं तर पुसलं असतं मी," काकू म्हणाल्या. "मला गाडीत बसायचं होतं."

इतक्या वर्षांत हे काकांनी पहिल्यांदाच ऐकले होते.

महिनाअखेरीस एकेक गाडी हॉर्न वाजवत निघून गेली. ऑम्लेटवाल्याने मन मोठे करून काकूंच्या शेगडीला आपल्या गाडीत कोपरा दिला. काकूंना त्याने पुढे, खिडकीशी बसवले. काका मागे अंड्यांच्या ट्रेंच्या गर्दीत अंग चोरून बसले.

"काकू, स्टेशन इथून जवळच आहे," तो म्हणाला. "लगेच पोचू."

"लांबच्या रस्त्यानं घे रे बाबा," काकू म्हणाल्या.

मी मात्र इथेच आहे. मला तोडण्यापेक्षा वापरणे सोपे, म्हणून इमारतीच्या ठेकेदाराने मला गोदाम केले आहे. माझ्या पोटात आता सिमेंटच्या गोण्या आहेत. हसू नका, मलाही कधी कधी हसू येते.

मित्रांनो, तुमच्या घरी एखादी सायकल नुसती उभी असेल, तर तिला अधूनमधून फिरवून आणा. आणि ज्याची तुम्ही खूप काळजी घेता, त्याला आधी एवढेच विचारा, "तुला कुठे जायचंय का?" मला आणि काकूंना हा प्रश्न कुणी विचारला असता, तर आम्ही दोघांनी एकदमच "हो" म्हटले असते.