शिसं की मणी

"साठच्या पुढे गेली की स्टिअरिंग थरथरतं," तिच्या नवऱ्याने तिसऱ्यांदा सांगितलं. निवृत्त झाल्यावर हौसेने घेतलेली बसएवढी, आत बिछाना-स्वयंपाकघर असलेली घरगाडी टायरवाल्याच्या दारात उभी होती.

टायरवाल्याने डोकं खाजवलं. "चाकाचा तोल साधायला रिमला शिशाची वजनं दोनदा ठोकून झाली, काका. आता टायरच्या आत मणी सोडू. फिरता फिरता ते आपोआप जागा धरतात."

"कशाने फरक पडेल ते एकदाचं सांग की!" नवरा खेकसला.

मग टायरवाला स्वतःच एक फेरी मारायला निघाला. ती शेजारी बसली. गाडी ऐंशीवर गेली तरी स्टिअरिंग ढिम्म हललं नाही. टायरवाल्याने तिच्याकडे पाहिलं. तिने नजर काचेबाहेर वळवली. सकाळीच नवऱ्याच्या हातातला चहा अर्धा बशीत सांडला होता, आणि त्याने कपाच्या कानाला शिव्या घातल्या होत्या.

परतल्यावर नवरा लगबगीने खिडकीशी आला. "जाणवलं ना?"

टायरवाल्याने तोंड उघडलं, पण तिने त्याला बोलूच दिलं नाही.

"चांगलंच जाणवलं," ती म्हणाली. "मणीच टाका, दादा. सहाही चाकांत."