उन्हाने खाल्लेला निळा रंग

मित्रांनो, मी विनाइलची, म्हणजे एका जातीच्या प्लास्टिकची, जुनी पट्टी आहे. अमेरिकेतल्या बर्फाळ बफेलोमध्ये काझिमिर आणि वांडा या जोडप्याच्या घराची दक्षिणेकडची भिंत माझ्यासारख्या पट्ट्यांनी झाकलेली आहे. माझी कहाणी ऐकण्याजोगी आहे की नाही, मला खात्री नाही. तरी सांगते.

कारखान्यातून आले तेव्हा मी गडद निळी होते. काझिमिरने मला स्वतः भिंतीवर बसवले. उन्हात मी लांबते म्हणून त्याने खिळे जरा सैल ठेवले. या गावात सगळे बर्फाला घाबरतात. ऊन आले की मात्र बाहेर खुर्च्या मांडून त्याचे स्वागत करतात. पण बर्फाने माझा रंग कधी नेला नाही. तो नेला उन्हाने आणि हवेने. त्यांच्यामुळे माझा वरचा थर हळूहळू झिजतो आणि त्याची खडूसारखी पांढरी भुकटी होते.

वसंतात ईस्टरचा सण झाला की काझिमिर बादलीत सौम्य साबणाचे पाणी घेई आणि मऊ ब्रशने मला खालून वर धुई, म्हणजे ओघळांचे डाग पडत नाहीत. वांडा खिडकीतून म्हणे, "माझी पाठ कधी इतक्या मायेने चोळली नाहीस."

"तू कुठे दिवसभर उन्हात उभी असतेस?" तो म्हणे.

मग त्याचे एक अंग लुळे पडले. ईस्टर येत गेले, बादली तळघरातच राहिली. मी पांढरी पडत गेले. लग्नाच्या वाढदिवसाला अंगणात जेवण ठरले, तेव्हा त्याने एकच इच्छा सांगितली. त्या दिवशी भिंत निळी दिसावी.

मुलीने, डोरीनने, ते मनावर घेतले. बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर टाकतात ते मीठच उडून भिंतीवर बसले आहे, असे तिला वाटले. बापाला चकित करायला तिने जोरदार फवाऱ्याचे यंत्र भाड्याने आणले. फवारा लागला तिथली भुकटी उडाली, बाकीची तशीच राहिली. माझ्या अंगभर पट्टे उमटले. पाणी भिंतीच्या आत शिरले ते वेगळेच.

काझिमिरला चाकाच्या खुर्चीतून बाहेर आणले.

"बाबा, मला वाटलं मीठ आहे," डोरीन रडवेल्या आवाजात म्हणाली.

"मीठ नाही गं. भिंतीची कातडी आहे ती."

त्याने ओला फडका मागितला आणि चांगल्या हाताने मला खालून वर पुसू लागला. हात थकेपर्यंत तळहाताएवढा निळा तुकडा उघडा झाला.

"बघ," तो म्हणाला, "आत आहे अजून."

लग्नाच्या वाढदिवसाआधीच तो गेला. अंगणात जेवण झाले, पण ते दफनावरून परतलेल्यांचे. माणसे माझ्याकडे पाठ करून हळू आवाजात बोलत पिरोगी नावाच्या उकडलेल्या करंज्या खात होती.

आता ईस्टरनंतर डोरीन बादली घेऊन येते. खालून वर, मऊ हाताने धुते. भुकटी निघून फिका निळा दिसतो, पण आधीचा गडद रंग काही परत आलेला नाही. बापाने पुसलेल्या त्या तुकड्यापाशी आली की तिचा ब्रश थांबतो.

मित्रांनो, आमच्यावरून वर्षातून एकदा तरी मऊ हात फिरवा. आणि कधी भिंतीला हात लावल्यावर तो पांढरा झाला, तर नुसता झटकून पुढे जाऊ नका. तिथे कोणीतरी मऊ हाताची फार दिवस वाट पाहिलेली असते.