पाठ टेकायची जागा

मित्रांनो, खोबऱ्याच्या वखारीत शिरलेला माणूस पोत्यांकडे बघतो, उंदरांकडे बघतो, फार तर दाराबाहेरच्या पाण्याकडे बघतो. मान वर करून कोणी बघत नाही. म्हणून माझी ओळख मलाच करून द्यावी लागते. मी एक जुनी डोलकाठी आहे. तुम्हाला मी छपराची तुळई वाटेन, आणि त्यात तुमचं काही चुकलं असं नाही. गेली कित्येक वर्षं मी तेच काम करते आहे.

माझं झाड थंड मुलखातलं, देवदाराचं. प्रशांत महासागरातल्या मार्शल बेटांवर मला ओंडका म्हणून आणलं. एका अबोल सुतारानं मला तासलं, शार्कच्या खरखरीत कातडीनं घासलं, खोबरेल चोळलं आणि ‘इजू’ नावाच्या गलबतावर उभं केलं. इजू म्हणजे तारा. गलबत एनेबिन बेटाचं, आणि ते हाकणारा तांडेल अनितोक, तेव्हा नुकतं मिसरूड फुटलेला.

आम्ही खोबरं घेऊन माजुरोच्या मोठ्या बंदराला जायचो आणि तांदूळ, पीठ, रॉकेल, कापड घेऊन परतायचो. एकदा शिवणयंत्र आणलं, तर अख्खं बेट किनाऱ्यावर उतरलं होतं. धूर नाही, आवाज नाही. वारा आणि शिडं, बस्स.

अनितोकची वाट काढायची रीत त्याच्या बापजाद्यांची. तो माझ्या बुंध्याला पाठ टेकवायचा आणि डोळे मिटायचा. पूर्वेकडून येणारी थोरली लाट, बेटावर आपटून परत फिरलेली धाकटी लाट, दोघी एकमेकींना छेदतात तिथला हिसका, हे सगळं गलबताच्या तळातून माझ्यात चढायचं आणि माझ्यातून त्याच्या पाठीत उतरायचं. मग तो म्हणायचा, “डावीकडे घ्या. घर तिकडे आहे.” आणि घर तिकडेच असायचं. इतकी वर्षं त्यानं पाठ टेकवली की माझ्या बुंध्याशी एक खोलगट जागा झिजून तयार झाली.

आमची आणखी एक रीत होती, ती नीट लक्षात ठेवा. एनेबिनभोवती पोवळ्यांची कड आहे आणि तिच्यात एक खिंड. खिंडीतून आत शिरलं की पाणी शांत. तिथं थांबून खलाशी गलबत घासायचे, तळात साचलेलं पाणी उपसून बाहेर टाकायचे आणि मगच नांगर पडायचा. घाणेरड्या पायांनी घरी जायचं नाही. त्या पाण्यात समुद्राचंच पाणी आणि खोबऱ्याचा चुरा. मासे वाट बघत असायचे.

एका खेपेला वारा पडला. अनितोकची बायको दिवस भरलेली, माजुरोच्या दवाखान्यात न्यायला घेतलेली. नऊ दिवस शिडं ओल्या लुगड्यासारखी लोंबत राहिली. तिची आई, जिला सगळे बुबू म्हणजे आजी म्हणत, जावयाला म्हणाली, “तुझ्या त्या लाडक्या काठीला सांग, आता तूच सुईण हो म्हणावं.” नवव्या दिवशी माझ्या पायथ्याशी मुलगी झाली. लिमेटो. दोघी वाचल्या, पण बेटावर पोचताच बुबूनं सगळ्यांसमोर विचारलं, “ह्या वेळी वाचल्या. पुढच्या वेळी?”

बेटानं इंजिन मागवलं. ते आलं तेव्हा मला राग आला नाही. मी नऊ दिवस त्या बाईचं कण्हणं ऐकलं होतं. फक्त, जिथं माझा पाय होता, नेमकं तिथंच ते बसवायचं होतं. मला कापलं, किनाऱ्यावर आणलं आणि वखारीचं छप्पर पेलायला आडवं घातलं. बुंध्याकडचं टोक दोन हात भिंतीबाहेर राहिलं. त्या खोलगट जागेत कोंबड्या बसू लागल्या.

इंजिनावर केजो नावाचा मिस्त्री आला. पहिल्या खेपेनंतर खलाशी पोती रचता रचता हसत होते, त्यावरून मला कळलं. अनितोक सवयीनं मागे रेलला आणि सपशेल तांदळाच्या पोत्यांत उताणा पडला.

“तांडेल, ती गेली,” केजो म्हणाला होता. “आता इंजिनाला टेका.”

“टेकलो होतो,” अनितोक म्हणाला. “ते स्वतःच एवढी बडबड करतं, लाटेला बोलू कुठं देतं?”

लोक हसले. मीही हसले असते. पण त्यानंतर पाठ टेकायला कोणी आलं नाही. एवढ्या उंचावर येणार तरी कोण?

इंजिनानं पुष्कळ भलं केलं. आजारी माणसं वेळेवर पोचली. पण खिंडीजवळची रीत तशीच राहिली. गलबत आत आलं की केजो पंप लावून तळ रिकामा करायचा. आता त्या पाण्यात तेल होतं. पाण्यावर रंगीत साय पसरायची आणि पोरं काठावरून रंग मोजायची. कोणाच्या मनात पाप नव्हतं. घरी स्वच्छ जायचं, एवढंच.

लिमेटो सात वर्षांची असताना वखारीच्या दारात बापापुढे उभी राहिली. हातात थाळीएवढा शिंपला.

“बाबा, खिंडीतले शिंपले तोंड मिटत नाहीत.”

“झोपले असतील.”

“झोपताना तोंड मिटतात. तुम्हीच सांगितलंत. ह्याला वास येतो बघा. केजोकाकांच्या सदऱ्यासारखा.”

अनितोकनं शिंपला नाकाशी नेला. मग तो पाण्यात उतरला आणि बराच वेळ वर आला नाही. वर आला तो हातात तसेच दोन उघडे शिंपले घेऊन. पुढच्या खेपेला केजोनं पंपाला हात घातला तर तो ओरडला, “बंद कर.”

“घरी घाण घेऊन जायची?” केजोला कळेना.

“आपलीच आहे ना? मग आपणच सांभाळू.”

तेव्हापासून ते काळं पाणी पिंपांत भरलं जाऊ लागलं. पिंपं माझ्याखाली उभी राहायची आणि माजुरोला परत जायची. नंतर तेल आणि पाणी वेगळं करणारी एक पेटी गलबतावर बसली. केजो आधी तिला शिव्या द्यायचा, मग तिला स्वतःच्या हातानं रंग लावला. नखाएवढे शिंपले परत दिसायला पाच वर्षं लागली.

पुढं तेल महागलं. महिन्याला येणारं इजू दोन महिन्यांनी, मग चार महिन्यांनी येऊ लागलं. एक दिवस माजुरोला गेलं ते तिथंच थकलं. त्यानंतर कुठलंही जहाज मनात येईल तेव्हा यायचं. खोबऱ्याला बुरशी यायची. वखार रिकामी होत नव्हती, बेट रिकामं होत होतं. मित्रांनो, पोती हलेनाशी झाली की वखारीत इतकी शांतता होते की वाळवी चालताना ऐकू येते.

लिमेटोचा नवरा अमेरिकेत कोंबड्यांच्या कारखान्यात कामाला गेला. तिला आठ महिन्यांचं बाळ. एक दिवस तिनं जुन्या जाळ्याची झोळी माझ्याभोवती बांधली, बाळाला आत ठेवलं आणि खाली बसून नारळ फोडू लागली. अधूनमधून पायानं झोका द्यायची. किती वर्षांनी माझ्या अंगात हेलकावा आला म्हणून सांगू.

“बाबा, ह्या वर्षात नेमानं येणारं जहाज लागलं नाही तर मी बाळाला घेऊन जाते,” ती म्हणाली. “तुम्हीही चला.”

“मी तिथं काय करू? कोंबड्यांना वाट दाखवू?” अनितोक हसला आणि मग झोळीकडे बघत राहिला.

त्यानंतर एके सकाळी खिंडीत शिडं दिसली. मला वाटलं, म्हातारपणाचं स्वप्न. पण खरोखर नवं मालवाहू गलबत होतं. उंच शिडं, उन्हावर वीज करणाऱ्या काळ्या पाट्या आणि वारा पडला तर म्हणून एक लहानसं इंजिन. आता कोणाला नऊ दिवस वाऱ्याची वाट बघावी लागणार नव्हती. त्याचा तांडेल जेल्तान, माजुरोचा तरुण. त्याची माणसं फीत घेऊन वखारीत आली आणि त्यांनी मला या टोकापासून त्या टोकापर्यंत मोजलं. माझा जीव वरखाली झाला: मला परत उभं करणार की काय? मग एक जण म्हणाला, “दोनशे पोती मावतील.” ते वखार मोजत होते. त्यांची डोलकाठी धातूची होती, माझ्या दुप्पट.

जेल्तान अनितोकसमोर बसला. “आजोबा, खरं सांगतो. यंत्र जागा दाखवतं, पण इथला प्रवाह ढकलतो तो कळेपर्यंत उशीर होतो. मग इंजिन लावावं लागतं. येताना अर्धा दिवस तेल जाळलं. असं असेल तर एनेबिन आमच्या वाटेवर बसत नाही. वाट दाखवायला तुम्ही याल?”

“माझे गुडघे गेले,” अनितोक म्हणाला. “पाठ आहे, ती हिच्याकडे आहे.” आणि त्यानं लिमेटोकडे बोट केलं. लहानपणापासून त्यानं तिला होडीच्या तळाशी निजवून लाटा शिकवल्या होत्या.

ठरलं असं: शेजारच्या बेटापर्यंत जायचं आणि इंजिन न लावता परत यायचं. सहा दिवस. जमलं तर गलबत दर महिन्याला येईल.

लिमेटो जहाजावर जाऊन बघून आली ती उतरलेल्या चेहऱ्यानं. “बाबा, ती धातूची काठी वाऱ्यानं गुणगुणते. पाठीला काही कळूच देत नाही.”

दुसऱ्या दिवशी सकाळी अनितोक शिडी घेऊन आला. दर पायरीला थांबत वर चढला, कोंबड्या हाकलल्या आणि माझ्या त्या खोलगट जागेवरून तळवा फिरवला. आपलीच जुनी पाठ चाचपावी तसा. मग त्यानं करवत लावली.

मला दुखलं नाही. तो तुकडा त्यानं उभा चिरला, त्याची फळी केली आणि धातूच्या काठीच्या मुळाशी, तळाला टेकेल अशी, दोरानं आवळून बांधली. लिमेटोनं पाठ टेकवली, डोळे मिटले. नांगरावरच्या जहाजातही तिला लाट कळली आणि ओठांवर हसू हललं. मग ती बाळाचा पापा घेऊन निघाली.

सहा दिवस म्हातारा आणि बाळ माझ्याखाली होते. बाळ पहिल्या दिवशी फार रडलं. म्हातारा नीरफणसाचा मऊ घास भरवायचा, झोळी हलवायचा आणि पुटपुटायचा, “सावकाश. थोरली लाट सावकाशच येते.” सहाव्या दिवशी दुपार कलली तरी खिंड रिकामी होती. म्हातारा दारात उभा. आवाज आला तर इंजिन लागलं, म्हणजे हरलो. आवाज आला नाही. आवाज न होता शिडं आत आली. पाण्यावर रंगाचा एक थेंबही पसरला नाही.

आता गलबत दर महिन्याला येतं. वखार भरते, रिकामी होते. लिमेटो परदेशी गेली नाही, तिचा नवरा उन्हाळ्यात परत येणार आहे. पण महिन्यातले वीस दिवस ती समुद्रावर असते आणि तिच्या पाठीशी माझा तो तुकडा. त्याला काय लाटा भेटतात, मला कळत नाही. माणसाचा स्पर्श माझ्या ज्या जागेनं ओळखला, नेमकी तीच जागा माझ्यात उरलेली नाही.

मित्रांनो, घर स्वच्छ करताना घाण कुठं जाते तेवढं बघत जा. तिथंही कोणाचं तरी घर असतं. आणि जुनं काही टाकायला काढलंत, तर टाकण्याआधी एकदा त्याला पाठ टेकवून बघा.

झोळी अजून माझ्याच गळ्यात आहे. बाळ मोठं होतंय, पाय बाहेर येतात. अजून दोनेक महिने मला हेलकावा मिळेल, असं वाटतं.